तुझा निर्दोष रिपोर्ट

प्रिय,

पुढे काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून नुसतंच 'प्रिय'. अर्जाला जसं 'महोदय' लागतं तसं पत्राला हे लागतं, मनावर घेऊ नकोस. तीन वर्षांच्या संसारात मी तुला 'अहो' म्हणायचे. आता अठ्ठावीस वर्षांनी 'अरे' लिहिते आहे, कारण त्या 'अहो'तला मान मी निघताना तुमच्याच घरी ठेवून आले, माझ्या भांड्यांबरोबर. भांडी परत मिळाली नाहीत, तेव्हा मानाची चौकशी केली नाही.

मामंजी गेल्याचं कळलं. धाकट्या भावजींचा फोन आला होता. वाईट वाटलं. तू हसशील, पण वाटलं. त्या घरात माझ्याशी पूर्ण वाक्यांत बोलणारा तेवढा एकच माणूस होता. सासूबाई क्रियापदाशिवाय बोलायच्या आणि तू क्रियापदासकट गप्प बसायचास. पण हे पत्र सांत्वनाचं नाही, हे आधीच सांगून टाकते. येत्या मंगळवारच्या आत तुला एकाच माणसाजवळ एकच खरी गोष्ट बोलायची आहे. बोलला नाहीस, तर अजून जन्माला न आलेलं एक मूल ते आयुष्यभर भोगेल, आणि ते आयुष्य फार लांब नसेल. माणूस कोण ते शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर तू तेवढंच वाचशील आणि बाकीचं घडी घालून ठेवशील, तुझी सवय मला माहीत आहे.

मामंजींची गच्चीवरची कबुतरं आठवतात? कपडे वाळत घालायला मी वर जायचे, आणि ते खुराड्यासमोर स्टुलावर ती लांबट वही घेऊन बसलेले असायचे. प्रत्येक पाखराचा बाप कोण, आई कोण, आजा कोण, सगळं टाकाने लिहिलेलं. आपल्या लग्नाची तारीख त्यांना कधी आठवली नाही, पण ठिपकेवाल्या नराची पणजी कुठल्या खुराड्यातून आली ते तोंडपाठ. एकदा दोन निळसर करड्या कबुतरांच्या घरट्यात तांबडं पिल्लू निघालं. मी नवी होते, जीभ जरा सैल होती. म्हटलं, शेजारच्या गच्चीवरचा तांबडा नर येऊन गेला असणार. मामंजींनी चष्मा काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की हातातला चिमटा खाली पडला. म्हणाले, "सूनबाई, मादीवर असा आळ घेऊ नये. तांबडं दोघांतही लपलेलं असतं. एकाकडूनच आलं तर झाकून राहतं, दोघांकडून आलं की उघडं पडतं." मग वहीत दोन्ही पाखरांच्या नावापुढे त्यांनी सारखीच तांबडी खूण केली. नरापुढे एक, मादीपुढे एक. पुढे मी या विषयावर कितीतरी डॉक्टरांची व्याख्यानं ऐकली, इतकं नीट कुणी सांगितलं नाही.

मग आपला ढोल्या झाला. 'आपला' शब्द मुद्दाम लिहिला आहे, वाचून पुढे जाऊ नकोस. पहिले सहा महिने तो कसा गुटगुटीत होता, तूच त्याला आरशासमोर धरून दोघांच्या हनुवट्यांवरचा खड्डा दाखवायचास. मग तो पांढरा पडत गेला. पोट तेवढं वाढत होतं. घरात येणारा जो तो म्हणायचा, बाळसं बघा कसं धरलंय. ते बाळसं नव्हतं, सुजलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, होती. तुमच्या सगळ्या गोतावळ्याने त्या पोटावर टिचक्या मारून कौतुक केलं, आणि नावही त्यावरूनच पडलं.

सहा महिने बरा आणि मग आजारी, हे कसं, असं तू तेव्हा विचारलं होतंस. उत्तर मला नंतर कळलं, ते आता देते. शरीराच्या प्रत्येक पेशीत तेच एक जाडजूड पुस्तक असतं, डोळ्याच्या पेशीतही तेच आणि नखाच्या मुळाशीही तेच. डोळा डोळ्याचं पान उघडतो, नख नखाचं. बाकीची पानं मिटलेली राहतात. रक्त लाल करणाऱ्या पदार्थाची तर दोन पानं असतात. आईच्या पोटात पहिलं उघडं असतं, जन्मानंतर ते हळूहळू मिटतं आणि दुसरं उघडतं. ढोल्याचं पहिलं पान ठणठणीत होतं. ते मिटलं, दुसरं उघडायची वेळ आली, आणि ते फाटलेलं निघालं. प्रत्येकाला या पुस्तकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. एक फाटकी असली तरी दुसरीवर माणूस जन्म काढतो, त्याला पत्ताही लागत नाही. त्याला वाहक म्हणतात. ढोल्याच्या दोन्ही प्रती फाटक्या होत्या. थॅलेसेमिया व्हायला दोघांचा हात लागतो. आणि हो, पानं मिटलेली राहण्याबद्दल म्हणशील, तर तुझ्यातही कुठेतरी धीटपणाचं एखादं पान असणारच. ते उघडल्याचं मात्र मी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी दोघांचं रक्त मागितलं. माझा रिपोर्ट आला, वाहक. तुझा आला, निर्दोष. त्या कागदावर हाच शब्द होता, जणू कोर्टातून सुटून आला होतास. डॉक्टरांनी एकदा कागद बघितला, एकदा मला बघितलं आणि फाईल मिटली. मुलाच्या दोन प्रती फाटक्या, एक माझी, आणि दुसरी तुझी नाही, तर मग कुणाची? हे गणित सासूबाईंनीसुद्धा चुटकीसरशी सोडवलं, ज्यांना दुधाच्या भांड्याचं माप शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातचा चहा बंद झाला. मी मामंजींकडे गेले. म्हटलं, तुम्ही तरी सांगा, दोघांकडून आल्याशिवाय उघडं पडत नाही ना? ते कबुतरांना दाणे टाकत होते, टाकतच राहिले. कबुतरीला जो न्याय होता तो सुनेला नव्हता.

मी तुझ्या मागे लागले, एकदा पुन्हा तपासणी कर, फक्त एकदा. तू म्हणालास, "उगाच वाढवू नकोस." बास. तू मला शिवी दिली नाहीस, हात उगारला नाहीस, घरातून जा असंही म्हणाला नाहीस. नातेवाइकांत तुझी ख्याती अजून तीच असेल, किती सहन केलं बिचाऱ्याने, पण तोंडातून शब्द नाही. खरंच आहे. तुझ्या तोंडातून शब्द निघाला नाही म्हणून तर मी निघाले.

पुढची पाच वर्षं दर तीन आठवड्यांनी मी आणि ढोल्या हॉस्पिटलच्या त्या लांब खोलीत बसायचो, जिथे एका रांगेत मुलं आणि एका रांगेत टांगलेल्या पिशव्या असायच्या. ढोल्याने एकदा विचारलं, हे रक्त कुणाचं? मी सांगितलं, कुणाकुणाचं, आपल्याला माहीत नसलेल्या माणसांचं. तो बोटं मोजायला लागला, बोटं संपल्यावर माझी घेतली, आणि खूश होऊन म्हणाला की मग माझे किती नातेवाईक. ज्याला बापाने नातं नाकारलं, त्याला तीन आठवड्यांत एक नवा नातेवाईक मिळत होता. पण त्या उसन्या रक्तातून लोह साठत जातं, आणि हृदय दमतं. सातवं संपता संपता त्याचं दमलं. तुला तार केली होती. आली नसेल असं मी अजून धरून चालते, कारण आली असेल असं धरलं तर मला हे पत्र लिहिताच येणार नाही.

त्यानंतर तिथल्याच डॉक्टरीणबाईंनी मला कामाला ठेवून घेतलं. म्हणाल्या, पोरांच्या आयांशी तुम्ही आमच्यापेक्षा बरं बोलता. आता मी लग्न ठरलेल्या जोडप्यांच्या वंशावळी काढते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वाहक असेल तर अर्धा रंगवायचा, आजारी असेल तर पूर्ण, आणि गेलेल्यावर एक तिरपी रेघ. माणसं किती खोटं सांगतात ते या टेबलाशी बसल्यावर कळतं. कुणाचा काका 'असाच' गेलेला असतो, कुणाची आत्या मोजणीतच नसते. आमच्याकडे एक नियम आहे, भिंतीवर पाटीच लावली आहे: आईवडील दोघांचेही रिपोर्ट निर्दोष असतील, तर मुलाला सुई टोचायची नाही. नियम बरोबर आहे. ज्यांच्याकडे फाटकी प्रतच नाही ते देणार कुठून? फक्त कागद खरा पाहिजे.

आता भावजींच्या फोनबद्दल. मामंजी गेल्याचं सांगून झालं, तरी फोन ठेवेनात. मग म्हणाले, "वहिनी, दादाच्या तपासणीला टोचला तो दंड माझा होता." मला काही कळलं नाही असं नाही, उलट तो रिपोर्ट खोटा हे पहिल्या दिवसापासून कळलं होतं, ढोल्या कुणाचा ते माझ्याइतकं कोण जाणणार? पण स्वतःला माहीत असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. त्या वर्षी कॉलेजच्या शिबिरात रक्त तपासून ते निर्दोष ठरले होते, आणि त्यांच्या लग्नाची बोलणी चालू होती. थोरल्याच्या रक्तात काही निघालं तर धाकट्याला मुलगी कोण देणार, म्हणून मामंजींनीच त्यांना तुझ्या नावाने पाठवलं. आणि तू? मी विचारलंच. तर म्हणाले, दादा बाहेर स्कूटरवर बसला होता, मला परत घेऊन जायला. तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच आहे. आत दुसऱ्याचा दंड आवळलेला, आणि बाहेर तू हेल्मेट मांडीवर घेऊन वाट बघतो आहेस. मामंजी गेले म्हणून भावजी बोलले. जिवंत असते तर तेही नसते बोलले. तुमच्या घराण्यात गप्प बसणं मात्र एका प्रतीवरही उघडं पडतं.

हे सगळं पोटात ठेवून मी मेले असते. त्याची मला सवय आहे. पण गेल्या मंगळवारी माझ्या टेबलासमोर एक जोडपं येऊन बसलं. मुलगा सरळ होता, बसल्या बसल्या म्हणाला मी वाहक आहे, आमच्या लग्नाआधीच सगळं बघून घ्या. मुलीने पिशवीतून दोन रिपोर्ट काढले, आईचा आणि वडिलांचा. आईचा ठीक होता. वडिलांचा कागद पिवळा पडलेला, घडीवर चिकटपट्टी लावलेली, आणि मी तो हातात घ्यायच्या आधीच ओळखला. वर मान करून बघितलं तर हनुवटीवर खड्डा. पाटीकडे बोट दाखवून ती म्हणाली, मला सुई नको, नियमात बसते मी. मग फार कौतुकाने म्हणाली, "बाबांना सुईची एवढी भीती, तरी आईशी लग्न करायच्या आधी त्यांनी स्वतःहून ही तपासणी करून घेतली होती." तुझी एक प्रत फाटकी आहे, ढोल्याइतका पक्का पुरावा त्याला दुसरा नाही. ती तिच्याकडे आली असेल किंवा नसेल, अर्धी शक्यता. आली असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलागणिक चारातली एक. तपासलं तर गर्भ असतानाच कळतं, नाही तर मूल सहा महिन्यांचं होऊन पांढरं पडायला लागल्यावर. मी म्हटलं, तरीही एकदा टोचून घे बाळ, मी हळू टोचते. ती हसली. म्हणाली, बाबा म्हणतात उगाच वाढवू नये.

आलेल्या माणसाबद्दल बाहेर बोलायचं नाही, हाही आमचा नियम. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मोडते आहे, त्यापायी काम गेलं तर जाऊ दे. मी तिला तिथेच सांगू शकले असते. पण ती मला ओळखत नाही, आणि ओळख सांगितली तर मी कोण? टाकलेली बायको, डूख धरून बसलेली. माझ्या हातात शब्द आणि तिच्या हातात कागद. बापावर विश्वास ठेवणारी मुलगी आहे ती, माझ्या सांगण्यावरून दंड पुढे करणार नाही, आणि जबरदस्तीने मला टोचता येत नाही. हे तुलाच करावं लागेल. मंगळवारी अकरा वाजता ते दोघं 'तपासणी नको' या कागदावर सह्या करायला येणार आहेत. त्याआधी तुझ्या लेकीला समोर बसव. बापाला घाबरलो होतो म्हण, भावाच्या लग्नासाठी केलं म्हण, स्वतःला हवं तेवढं सावरून घे, माझी हरकत नाही. मला वाईट म्हणालास तरी चालेल, तेही जुनंच आहे. फक्त तो कागद आपला नाही एवढं सांग. आणि तिला एक भाऊ होता, ती दोन वर्षांची असताना तो गेला, हे सांग. एवढं झालं की तिला माझ्याकडे पाठव. पुढचं रक्ताचं सगळं मी तिला समजावून सांगेन, आणि खरंच हळू टोचेन.

आता तुझी कुणीच नसलेली, पण तुझ्या मुलाची,
आई