खाटकांच्या पिकनिकची हिरवी खुर्ची

मी, ट्वायला मे स्टॅम्पर, वय छप्पन्न, कै. डेन्व्हर स्टॅम्पर याची विधवा, राहणार मिलस्टोन फोर्क, केंटकी, भंगाराच्या यार्डाला लागून असलेलं घर, हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. शाळा सातवीत सुटली, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये. डोकं ठिकाणावर आहे, स्वादुपिंड नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या जुलै दिसणं कठीण आहे. म्हणजे यंदाची पिकनिक माझ्याशिवाय होणार. मला कोणी धमकावलेलं नाही, दारू पाजलेली नाही, गोड बोलून फसवलेलं नाही. गोड बोलणारं इथे आहे तरी कोण?

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या सहीचा दुसरा कागद कुठून निघालाच, तर तो माझ्या दिराने, लोनी स्टॅम्परने, बनवलेला आहे असं समजावं.

कलम १. मला जाळावं. पेटी नको, पास्टरचं भाषण नको. हा पास्टर चौदा वर्षं आमच्या पिकनिकला सैतानाची जत्रा म्हणत होता आणि त्याच्या चर्चच्या बायका तिथेच केक विकत होत्या. राख रिंगमध्ये उधळायची असं कोणीतरी रडत रडत सुचवणार, मला माहीत आहे. उधळायची नाही. ती कुठल्यातरी गाढवाच्या जखमेत जाईल आणि मेल्यावरही मीच निस्तरत बसेन.

कलम २. घर, भंगाराचं यार्ड, ट्रक आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलीला, शेल्बी स्टॅम्पर हिला. अट नाही.

अट घालायची होती. वकील प्रॅदर यांना मी म्हटलं, "असं लिहा, की शेल्बी पिकनिकच्या रिंगमध्ये उतरली तर तिला फुटकी वीटही मिळणार नाही."

ते म्हणाले, "लिहू की, ट्वायलाबाई. पण तिला वीट नकोच असेल तर?"

या माणसाला मी पहिल्यांदाच डोकं चालवताना पाहिलं. खरं आहे. शेल्बीला घर नको, यार्ड नको. तिला हजार लोकांसमोर पाठीवर ट्यूबलाइट फोडून घ्यायच्या आहेत. यंदाच्या जुलैत, सोळा पैलवानांत, बापाच्या जागी. ते होऊ द्यायचं नाही एवढ्यासाठी हा सगळा कागद आहे. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, पण वाचा.

कलम ३. यार्डामागचं मैदान. हे माझ्या बापाचं. तेही शेल्बीला, पण त्यावर काय घडलं ते इथे लिहून ठेवते, कारण इंटरनेटवर पोरं काहीही लिहितात.

गावात डुकरांच्या मांसाचा कारखाना होता. कंपनी दर जुलैत कामगारांना पिकनिक द्यायची, शेवटी कुस्तीचा खेळ. निकाल आधीच ठरलेला, उड्या, शिव्या, हशा, तसली कुस्ती. १९९३ साली नवा मॅनेजर आला आणि पिकनिक बंद केली. डेन्व्हर तेव्हा मांस कापायच्या खात्यात होता. तो माझ्या बापाला म्हणाला, "मैदान देता का? आमची आम्ही करतो." गवत वाहायच्या दोन गाड्या शेजारी लावून फळ्या ठोकल्या. भोवती बांधायला दोर नव्हता, म्हणून गाईंच्या कुंपणाची काटेरी तार काढून गुंडाळली. लोक म्हणतात डेन्व्हर स्टॅम्परला कल्पना सुचली. कल्पना कसली? दोर नव्हता. त्या दिवशी पाच खाटीक रक्ताने न्हाले आणि कधी नव्हे ती माणसं उभी राहून ओरडली. पुढच्या वर्षी ओहायोहून गाड्या आल्या. नाव तेच राहिलं, खाटकांची पिकनिक.

तिसऱ्या वर्षी एका म्हातारीने घरून आणलेला तवा डेन्व्हरच्या हातात दिला आणि म्हणाली, "त्याच्या टाळक्यात घाल, बाळा." तेव्हापासून हत्यारं प्रेक्षकांनी आणायची ही रीत पडली. दुसरीकडेही करतात, पण आमच्याइतकं मन लावून कोणी करत नाही. बाटल्यांची झाकणं ठोकलेली गिटार. टाचण्या चिकटवलेली इस्त्रीची फळी. ख्रिसमसचं झाड, फांद्यांच्या जागी ट्यूबा. एका शिक्षिकेने वर्गातला पृथ्वीचा गोल तारेत गुंडाळून आणला होता. लोक हिवाळाभर गॅरेजमध्ये बसून हे करतात, त्यांच्या बायका मला फोनवर शिव्या देतात.

ते सगळं तपासायला माणूस लागतो. ती मी. कारखान्याच्या कँटीनमधून उचललेली हिरवी लोखंडी घडीची खुर्ची गेटवर टाकून मी बसते आणि प्रत्येक वस्तूवरून उघडा तळहात फिरवते. जे माझा हात धरून ठेवतं ते परत जातं. निकाल ठरलेला असतो, पण खिळ्याला ते कोण सांगणार? आणि एक नियम पहिल्यापासून आहे, कुस्ती खेळणाऱ्या पोरांनीच केलेला: जो खुर्चीत बसून हत्यार पास करतो, तो जन्मात रिंगमध्ये उतरत नाही. कुठली फळी आतून कापलेली, कुठली तार बोथट, हे त्याला माहीत असतं. त्याच्या समोर कोण उभं राहील? जिंकलेला बेल्ट चोरणाऱ्याला ही पोरं माफ करतात, बायको पळवणाऱ्यालाही, पण या नियमाला हात लावत नाहीत. जपानहून इवामोटो नावाचा पैलवान आला होता, त्याला आमची भाषा कळत नव्हती. खुर्चीचं तेवढं त्याला बरोबर कळलं. तिच्यापुढे कमरेत वाकला, मग माझ्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव तीनदा मागून खाल्ला.

कलम ४. लोनी स्टॅम्पर यास. फळीवरच्या बायबलमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेला काचेचा तुकडा आहे. तो लोनीला द्यावा. दुसरं काही नाही, ट्रकचा जुना टायरसुद्धा नाही.

१९९८. पिकनिकच्या पहाटे मला कळा सुरू झाल्या. मी लेक्सिंग्टनच्या हॉस्पिटलात, आणि खुर्चीवर लोनी. तो तेव्हा स्वतः कुस्ती करायचा, म्हणजे पडायचा. त्याला खुर्चीत बसून रुबाब करायचा होता. कोणीतरी बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या खिडकीची काच आणली. गाडीच्या बाजूची काच फुटली की साखर होते. जुन्या दुकानाची काच फुटली की सुऱ्या होतात. हे आमच्या गावात पोरासोरांना ठाऊक आहे. लोनीने बिअरची बाटली न सोडता दुसऱ्या हाताने टिचकी मारली आणि म्हणाला, "वाजते छान. जाऊ दे आत."

डेन्व्हर त्या काचेतून खाली आला. उजव्या दंडाचे स्नायू आणि शिरा, सगळं तुटलं. शेल्बी, तू दुपारी दोनला जन्मलीस आणि तुझा बाप तीनला त्याच हॉस्पिटलात आला. दोन मजले खाली. तुला उजव्या हाताने त्याने कधी उचललं नाही, कारण तो हात पुढे तेरा वर्षं, तो मरेपर्यंत, खांद्याला लटकलेला मेलेला मासा होता. कारखान्याने काढून टाकलं. मग दारू. त्याचं मांस मी कापून द्यायचे आणि तो डाव्या हाताने ताट माझ्या अंगावर फेकायचा. तू ते पाहिलेलं नाहीस, तुला मी आधी झोपवायचे. तू पाहिल्या आहेस त्या त्याच्या कुस्त्यांच्या कॅसेट. कॅसेटमध्ये तो १९९८च्या आधी थांबतो.

लोनी हॉस्पिटलात येऊन मला म्हणाला, "ट्वायला, कोणाकडूनही चूक होते गं."

मी म्हटलं, "बाजूला हो, पोरीला दूध पाजायचंय."

त्यानंतर आजतागायत एकाही पोराने लोनीशी कुस्ती खेळलेली नाही. काचेसाठी नाही. काच विसरले हरामखोर, त्याच्याबरोबर बसून पितात. तो एक दुपार खुर्चीत बसला होता म्हणून. त्याने हातापाया पडून पाहिलं, इंडियानात जाऊन पाहिलं. तिथेही बातमी पोचलेली. हे वाक्य, शेल्बी, दोनदा वाच.

कलम ५. कॅसेट आणि डेन्व्हरचे बूट शेल्बीला. बुटांच्या आत रक्त आहे, धुवून निघत नाही, मी प्रयत्न केला.

कलम ६. गोठ्यातल्या ट्यूबलाइट. बंद पडलेल्या शाळा आणि दवाखान्यांमधून मी त्या गोळा केल्या, कारण आता सगळीकडे एलईडी आले आणि ट्यूब मिळत नाही. जाड्या डावीकडे, बारीक उजवीकडे. जाड्या हातात घेण्याआधी तोंडाला ओलं फडकं बांधा, आतली पूड छातीत जाते. गोठ्याची किल्ली खुर्चीबरोबर जाईल. ट्यूबा संपल्या की पिकनिक संपेल, त्या कधी संपवायच्या ते किल्लीवाल्याने ठरवावं.

कलम ७. खुर्ची.

गेल्या जुलैत, पिकनिकच्या सकाळी, शेल्बी अंडी परतत होती. पाठ माझ्याकडे करूनच म्हणाली, "ममा, पुढच्या वर्षी माझं नाव घाल."

"कशात? केक विकणाऱ्या बायकांत?"

"सोळा जणांत. मी वर्षभर शिकतेय. सिनसिनाटीला, दर शनिवारी."

"तू म्हणालीस नर्सिंग होममध्ये जादा पाळी करतेस."

"खोटं बोलले."

"तुझे दात अजून सगळे आहेत, शेल्बी."

"डॅडींचेही होते."

"डॅडींचे रात्री मी ग्लासात ठेवायचे."

ती वळली. "तू तीस वर्षं लोकांची पोरं आत सोडलीस."

"सोडली. ती माझी नव्हती."

"मी विचारत नाहीये, ममा. सांगतेय."

तिने अंडी माझ्या ताटात वाढली. चांगली झाली होती. मी खाल्ली.

दुपारी गेटवर रांग लागली तेव्हा मी पोट धरलं. म्हटलं, "कळ आली गं. मी जाऊन येते, तू जरा बस." ती घाबरली. म्हणाली, "ओडेलला बोलावू का?" ओडेल कॉम्ब्स म्हणजे आमचा रेफरी. मी म्हटलं, "त्याला नको, तू बस." बसली. पोटात काही दुखत नव्हतं. मी गोठ्यामागे जाऊन सिगारेट पेटवली आणि फळ्यांच्या फटीतून बघत राहिले. सरबतवाली जर्लीन नेपियर बादली घेऊन तिथून चालली होती. म्हणाली, "अगं, पोरीला खुर्चीत बसवलंस? नियम माहीत नाही का तुला?"

"गप्प बस आणि नीट बघ. तुला पुढे सांगायचंय."

एका दाढीवाल्याने खिळे ठोकलेलं पाळण्याचं कठडं आणलं होतं. शेल्बीने तळहात फिरवला. कोणी शिकवलेलं नाही. मधेच थांबली, एक जागा पुन्हा चाचपली.

"हा खिळा वाकडा आहे. मानेत शिरेल. काढ."

"तुझी आई असले सोडते."

"माझी आई असला सोडणार नाही आणि तू खोटारडा आहेस. काढ, नाहीतर कठडं घेऊन घरी जा."

त्याने पक्कड मागितली. खिळा काढला. शेल्बीने मान हलवली, ओडेलने कठडं आत नेलं, चौथ्या कुस्तीत ते वापरलं गेलं. कोणाचीही मान गेली नाही. इतका चांगला हात मी या धंद्यात दुसरा पाहिलेला नाही, माझा धरून.

तिला वाटलं आजारी आईला मदत केली. ते मोजायचं नसतं असं तिला वाटलं. लोनीलाही तसंच वाटलं होतं.

नोव्हेंबरात खरी कळ आली, मी हात ठेवला होता नेमकी त्याच जागी. हसायचं असेल तर हसा, मी हसले.

तर खुर्ची आणि किल्ली शेल्बीला. घ्यायची नसेल तर नको घेऊ, जाळ, विक, लोनीच्या दारात फेक. त्याने काही फरक पडत नाही. तू बसून झालीस. हे कलम ओडेलने पिकनिकच्या दिवशी गेट उघडण्याआधी रांगेसमोर मोठ्याने वाचावं. सोळाच्या सोळा पोरांना ऐकू गेलं पाहिजे. मग तू रिंगमध्ये हवं तर एकटी उभी राहा. समोर कोणी येणार नाही. इथे नाही, सिनसिनाटीत नाही, इवामोटोच्या देशात नाही. त्या मैदानात एवढी एकच खुर्ची आहे जी आजवर कोणाच्या डोक्यात घातलेली नाही. तुझ्या डोक्यात मी घातली.

कलम ८. साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणतात, म्हणून ओडेल आणि जर्लीनला काही नाही. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे.

ओडेलने हे सगळं आत्ता स्वयंपाकघरात बसून वाचलं. दोनशे किलोचा माणूस, चष्मा काढून डोळे पुसत बसला. म्हणाला, "ट्वायला, पोरगी जन्मभर तुझा गळा दाबायला बघेल."

मी म्हटलं, "बघू दे की. दोन्ही हातांनी बघेल."

वरील मजकूर मी पूर्ण वाचून, पेन दुसऱ्याच्या हातात न देता, सही करते आहे.

(सही) ट्वायला मे स्टॅम्पर

मिलस्टोन फोर्क, केंटकी. रविवार, ११ फेब्रुवारी २०२४.

आम्ही दोघे शपथेवर सांगतो की ट्वायला स्टॅम्पर हिने आमच्यासमोर, एकमेकांच्या देखत, शुद्धीत सही केली. तसंच गेल्या जुलैत पिकनिकच्या दिवशी शेल्बी स्टॅम्पर हिला हिरव्या खुर्चीत बसून एक हत्यार पास करताना आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

साक्षीदार १: (सही) ओडेल कॉम्ब्स, रेफरी. मला हे पटलेलं नाही. पण पाहिलं ते पाहिलं.

साक्षीदार २: (सही) जर्लीन नेपियर. कठडं निळं होतं.