नातीला झिंकचं लिंकिंग

११ जून, सकाळ
समताच्या तोंडाभोवतीचं लाल आता बोटांवर उतरलं. लंगोटाच्या जागी सालं निघतात. जुलाब, रडरड. नात आठ महिन्यांची, पण लक्ष फक्त माझं. मुलगा गोविंदा पुण्याला. सूनबाई पूनमनं अंगावरचं दूध सोडवलं तेव्हापासूनचं हे. संशय पहिला : पावडरचं दूध. संशय दुसरा : शेजारच्या जयमालाबाई. येता-जाता म्हणतात, पोरगी किती गोरी!
संकल्प : कारण मीच शोधणार. मलकापुरात कृषी केंद्र चालवतो. पान पाहून रोग सांगणारा माणूस मी.

१५ जून
साबण बदलला. जयमालाबाईंना दार बंद. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ सुरू. पोरगी जास्तच रडते. म्हणजे लागू पडतंय.

२४ जून
केस झडले. गावातल्या डॉक्टरची ट्यूब संपली, फरक शून्य. पूनम म्हणाली, मामाजी, पोरगी वाळून राह्यली, मी चालली हिले घेऊन बुलढाण्याले. सोबत गेलो. लक्ष ठेवायला.
त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड पाहिलं, बोटं पाहिली, लंगोट सोडायला लावला. जुलाब विचारले. आईचं दूध कधी सुटलं विचारलं. म्हणाल्या, जन्मजात दुर्मीळ आजार दिसतो, अन्नातलं झिंक हिचं शरीर नीट शोषत नाही. रक्त तपासू. औषध? झिंकच. बहुतेक जन्मभर.
इथेच पकडलं! युरिया मागणाऱ्याच्या माथी झिंकची पिशवी मीच मारतो. लिंकिंग म्हणतात त्याला. बाई कुणाला शिकवतात?

२८ जून
रिपोर्ट : झिंक फारच कमी. लॅब कुणाची, चौकशी करणे. औषध सुरू. म्हटलं, द्यायचंच तर दुकानातलं देऊ, पोती पडलीत. बायको कोकिळा झाडू घेऊन धावली. म्हणे, पोरगी हाय का कपाशीची पऱ्हाटी?

४ जुलै
सालं गेली. जुलाब बंद. समता माझ्याकडे पाहून हसली. आत जाऊन रडलो, खोटं कशाला लिहू. कडुनिंबाला वेळ लागतोच.

२६ जुलै
डोक्यावर लव आली. आता औषध कशाला? पूनम शाळेत शिकवायला जाते, सकाळचं पाजायचं काम माझ्याकडे. उद्यापासून नुसतं साखरपाणी. प्रयोग गुप्त. बाईंना उघडं पाडतो.

१२ ऑगस्ट
ओठाजवळ लाल ठिपका. डास.

१७ ऑगस्ट
बोटं. जुलाब. घेतली की किंचाळते. जयमालाबाई फिरकलेल्या नाहीत. दूध तेच, साबण तोच, कडुनिंब चालूच. संशय घ्यायला घरात कुणी उरलं नाही.
पूनमनं औषधाची बाटली उजेडात धरली. कधीच संपायला हवी होती. अर्धीच्या वर होती. माझ्याकडे पाहिलं, बाटली पर्समध्ये टाकली आणि समताचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

२ सप्टेंबर, दुपार
औषध पुन्हा सुरू, पूनमच्या हातानं. समता सुधारतेय, असं कळतं. पूनम तिला घेऊन देऊळगाव राजाला माहेरी आहे. फोन केला, भेटायला येऊ का. म्हणाली, या ना मामाजी, खेळवा तिले दिवसभर. पण तुमच्या हातानं काई पाजाचं नाही. पानीबी नाही.
तिच्या बोलण्यात डाव शोधला. सापडला नाही. हो म्हटलं.