पुलापासून पंपघरापर्यंत

ता. १२ फेब्रुवारी, शुक्रवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, चिमणीचा खोकला गेला असेल आणि दुकानाचं शटर एकदाचं नीट खाली येत असेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे. जेवतो, ऑफिसला जातो, लोकांच्या नळाच्या तक्रारी छापतो.

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाला पत्राचं काय सुचलं, असं तुला वाटेल. समोर बसून सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तू चहा पुढे केलास आणि मी तो पिऊन, इकडचं तिकडचं बोलून परत आलो. तुझ्या घरी हल्ली मला फार मान मिळतो. आधी शिव्या मिळायच्या, तेच बरं होतं.

हे पत्र चिमणी शाळेत असताना वाच. मोठ्याने वाचू नकोस.

सोमवारी कोर्टात माझी साक्ष आहे. वकीलबाई काय म्हणाल्या ते तू ऐकलंसच. पकडलेल्या तिघांना कोणी ओळखलं नाही तर ते सुटणार, आणि ते सुटले की खडीवाल्यापर्यंत कोणी पोचणारच नाही. तेव्हा तू काय म्हणालीस ते आठवतंय का? "ह्याने काही पाहिलं असतं तर हा गप्प बसला असता का? माझा भाऊ आहे तो." वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्या टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे.

जरा मागून सुरू करतो. पेपरच्या वर्धापनदिनाच्या अंकात दर वर्षी 'आमची माणसं' असं एक पान असतं. ऑफिसातल्या एकेकाला प्रश्नांचा कागद देतात आणि त्याने खरी उत्तरं भरायची. या वर्षी माझी पाळी होती. किती हरखलो होतो मी! बावीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारले, कोणी मला विचारलं नव्हतं. आवडतं पेय? कोरा चहा, बिनसाखरेचा. वाचन? रहस्यकथा, शेवटचं पान आधी वाचून. नावडतं? भाषणं, प्लास्टिकची फुलं आणि 'सूत्रांकडून समजते' हे वाक्य. राजकीय मत? "खडीवाल्याला नगराध्यक्ष करण्यापेक्षा मी त्याच्या खडी फोडायच्या मशीनला मत देईन. ते निदान दगडच फोडतं." सगळं ऑफिस खो खो हसलं. त्याच्या खाणीतल्या सुरुंगाचा दगड शाळेच्या पत्र्यावर पडला तेव्हापासून मी त्याच्यावर अकरा बातम्या केल्या होत्या. पण त्यातली एकही त्याला या उत्तराएवढी झोंबली नव्हती.

कशाचा तिटकारा? "घाबरून गप्प बसणाऱ्यांचा." हेसुद्धा मीच लिहिलं, ताई. माझ्याच पेन्सिलीने.

आणि दिनक्रम? तुला माहीत आहे, नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी काय शिकवतो. वेळ लिही, ठिकाण लिही, रंग लिही, तपशिलाशिवाय बातमी नाही. तेव्हा माझी स्वतःची बातमी मी कच्ची कशी ठेवणार? पहाटे सव्वापाचला घरातून. जुन्या पुलावरून कालव्याच्या कडेने पंपघरापर्यंत, भिंतीला हात लावायचा आणि परत. रविवारी सुट्टी. नारिंगी बूट. बरोबर मेहुणे असतात, म्हणजे बरोबर निघतात, मग मागे राहतात. असा विनोदही केला.

भाऊजींनी अंक वाचला तेव्हा डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. म्हणाले, "अरे, वेळ कशाला दिलीस? सगळ्या गावाला आपलं वेळापत्रक." मी म्हणालो, "भाऊजी, छापून आलंय. आता उशीर करायची सोय नाही." ते हसले. आठव्या दिवशी मंगळवार होता.

मंगळवारचं तुला जे सांगितलं ते असं. तिघे आडवे आले, तोंडं झाकलेली होती, अंधार होता. भाऊजी ओरडले, "तू पळ, मी बघतो." मी मदतीसाठी रस्त्याकडे धावलो, तिथून फोन केला आणि परत आलो तोवर सगळं संपलं होतं. पोलिसांच्या जबाबात हेच आहे. आमच्या पेपरात हेच आलं, चौकटीत. चौकातल्या फलकावर हेच लिहिलंय. चिमणीने शाळेत निबंध लिहिला त्यातही हेच.

परवा तिने मला गच्चीवर गाठलं. म्हणाली, "मामा, बाबा कसे म्हणाले ते? हळू की ओरडून?" मी म्हणालो, ओरडून. तर म्हणे, "करून दाखव ना." मी करून दाखवलं, ताई. तुझ्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभं राहून मी तुझ्या नवऱ्याच्या आवाजात ओरडलो, "तू पळ, मी बघतो." तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "परत." मी परत केलं.

खाली येऊन मी सरळ घरी गेलो. हे पत्र त्या दिवशीच लिहायला घेतलं होतं, चार वेळा फाडलं.

आता खरं. कालव्याकाठी ते सिमेंटचे मोठे पाइप पडलेत ना, त्यांच्यामागून तिघे निघाले. एकाच्या हातात टायर काढायची लोखंडी टॉमी होती. भाऊजींचा गुडघा दुखत होता म्हणून आम्ही शेवटचा तुकडा चालतच होतो. मला टॉमी दिसली आणि मी पळालो. विचार केला नाही, त्यांचा हात धरला नाही, एक शब्द बोललो नाही. तू मला पहिल्याच दिवशी बजावलं होतंस, "ह्यांना मागे टाकून जायचं नाही हं." मी इतका जोरात पळालो की तसा कधी पळालो नव्हतो.

भाऊजी 'पळ' म्हणालेच नाहीत. ते ओरडले, "थांब! थांब रे!"

मी रस्त्याकडेही गेलो नाही. पंपघराला वळसा घातला आणि भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामधल्या सांदीत शिरलो. भाऊजी लंगडत माझ्यामागे आले. पंपघराच्या दारावर दिवा असतो. त्या दिव्याखाली त्यांना गाठलं, माझ्यापासून आठ-दहा हातांवर. मला सगळं दिसत होतं.

पहिला घाव त्याच गुडघ्यावर घातला. गुडघा उलटा गेला. भाऊजी बसले नाहीत, कोसळले. दुसऱ्याने लाथ घातली ती तोंडावर, आणि ते भिंतीवर आपटले. हात वर केले तर हातांवर मारलं. त्यांची बोटं, ताई. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारी बोटं. ती मोडल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी तुला सांगितलं की डोक्याला मार बसल्यावर लगेच शुद्ध गेली असेल, फार कळलं नसेल. डोक्यावर शेवटी मारलं. तोवर ते शुद्धीत होते.

तिसरा उंच होता, तो मारता मारता दमला. टॉमी काखेत धरून त्याने तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि घाम पुसला. मी त्याला ओळखलं. खडीवाल्याचा ड्रायव्हर. ड्रायव्हरांच्या संपात मी त्याची मुलाखत घेतली होती. माझ्याच टेबलावर बसून चहा प्यायला होता. बाकीच्या दोघांनीही मग रुमाल सोडले. गरम होत होतं म्हणे.

दंडाला फोन बांधला होता. त्याचा उजेड पडू नये म्हणून मी त्यावर तळहात दाबून धरला होता, एवढंच मी केलं. मनगटावरचं धावण्याचं घड्याळ चालूच राहिलं होतं. मी कुठे किती वेळ होतो ते सगळं त्यात नोंदलेलं आहे. एका जागी उभा, चार मिनिटं अकरा सेकंद. मग ते गेले. त्यांच्या गाडीचा आवाज पुलापलीकडे गेला तेव्हा मी फोन केला. भाऊजींजवळ त्यानंतर गेलो. डोळा उघडा होता एक. मला पाहिलं की नाही, माहीत नाही.

आणि लोकांनी मला शूर ठरवलं. संपादक सत्कार करायला निघाले होते, मी आजारी पडलो म्हणून वाचलो. जानेवारीत खडीवाल्याचा कारकून जाहिरात घेऊन ऑफिसात आला, टकल्या, साठीचा, धड चालता न येणारा माणूस. मी त्याची गचांडी धरली आणि डोकं कपाटावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. कपाळ फुटून रक्त त्याच्या चष्म्यावर आलं. लोक मला धरत होते आणि मनातून खूश होते. मला बरं वाटलं, ताई. घरी आल्यावर लक्षात आलं की टॉमी हातात नसलेल्या माणसापुढे मी किती शूर असतो. त्या रात्री स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून पाहिलं. दुसऱ्याच वेळी हात आपोआप मध्ये आला. स्वतःला मारायलाही धीर लागतो.

त्या तिघांना मी ओळखू शकतो. गेल्या आठवड्यात मनात आलं, कोर्टात सांगावं की पळता पळता मागे वळून पाहिलं. वकीलबाईंना आडून विचारलंही. त्या म्हणाल्या, रस्त्याकडून त्या दिव्याखालचं काही दिसत नाही, पोलिसांनी मोजमाप केलंय. तोंडं दिसतील ती फक्त टाकीच्या बाजूने. मग पेन ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्ही टाकीच्या बाजूला होतात का?" मी नाही म्हणालो. म्हणजे असं आहे बघ. मी लपून पाहत होतो हे सांगितलं तर ते तिघे अडकतात. नाही सांगितलं तर माझी अब्रू राहते आणि ते सोमवारी संध्याकाळी तुझ्या दुकानासमोरून गाडी हाकत जातील.

तीन महिने मी अब्रूच्या बाजूने होतो.

सोमवारी सांगणार आहे. घड्याळ वकीलबाईंना उद्या सकाळी नेऊन देतो, म्हणजे माझं मन फिरलं तरी उपयोग नाही. समोरचा वकील मला सोलून काढेल, आणि त्याचं बरोबरच असेल. तो विचारेल, चार मिनिटं काय करत होतात? हे तू त्या बाकावर बसून, लोकांमध्ये, त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू नयेस म्हणून हे पत्र.

अजून एक राहिलं. तेच लिहायचं टाळत इथवर आलो.

पहिल्या घावानंतर एकाने विचारलं, "पेपरवाला हाच का?" भाऊजी म्हणाले, "मी नाही हो पेपरवाला. मी घड्याळं दुरुस्त करतो. चौकात दुकान आहे माझं." तसंच बोलले, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तसं अदबीने. मग त्याने विचारलं, "तो कुठे गेला मग?" भाऊजींनी उत्तर दिलं नाही. मी टाकीमागे वळलो ते त्यांनी पाहिलं होतं असं मला वाटतं, पण नक्की सांगता येत नाही, आणि नक्की नसलेलं काहीही मी तुला यापुढे सांगणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मोकळ्या हाताने गेलो तर मालक काय म्हणेल?" आणि परत टॉमी उचलली. भाऊजींनी घड्याळाचं दोनदा आणखी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना दात नव्हते.

त्यांनी माझ्यासाठी जीव दिला नाही, ताई. त्यांना जगायचं होतं. ते मला हाका मारत होते. मी बाहेर आलो असतो तर दोघांनी मिळून मार खाल्ला असता, कदाचित दोघंही वाचलो असतो, कदाचित मी मेलो असतो. त्यातलं काहीही आजच्यापेक्षा बरं होतं. तू ज्या वाक्याला धरून तीन महिने उभी आहेस, ते मी रुग्णवाहिकेत बसून रचलं. तुझ्यासाठी रचलं असं मी स्वतःला सांगत होतो. ते माझ्यासाठी होतं.

माफी मागत नाही. मागितलीच तर तू देशीलही, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि ती घेऊन मी करू काय?

एकच मागणं आहे. चिमणीला तू सांगू नकोस. ते काम माझं आहे. सोमवारी कोर्टातून सुटलो की थेट तुझ्याकडे येतो. दार उघडलंस तर तिच्यासमोर बसून सांगेन, नाही उघडलंस तर बाहेरून, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. गल्लीने ऐकलं तरी ऐकू दे. वरून हाताला येईल ते फेकून मार. मी उंबऱ्यापासून हलणार नाही.

तुझा
भाऊ