गुडघ्याखाली चार बोटं

शुक्र. ३ ऑक्टो.
किल्ट आला. जुम्म्याची नमाज करून हे घरी आले ते खांद्यावर सुटाची लांबलचक बॅग टाकूनच. स्कॉटिश बॅगपाइप बँडचा आहे, परत द्यायचा, म्हणून मला आधी हुकूम: "हात धुऊन ये." धुतले. उचलला तर केवढं वजन! मला वाटलं होतं अलिनाच्या शाळेतल्या जुन्या स्कर्टसारखं काहीतरी असेल. हे तर घोंगडं. गडद हिरव्यावर निळ्या चौकटी, मधून बारीक पिवळी रेघ. मागे चुणीवर चुणी, आणि प्रत्येक चुणीत ती रेघ बरोब्बर त्याच जागी. कोणी बसवली असेल, किती डोळे घालून? बोट फिरवत बसले, चहा गार झाला.

मग ह्यांनी घातला. आधी पायजम्यावरूनच. अलिना कॉलेजातून येऊन दारातच थबकली. "अब्बा, यू लुक लाइक अ किंग." मला हसू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. फॅक्टरीचा निळा शर्ट, घरात लुंगी, ईदला कुर्ता, एवढीच ह्यांची रूपं मी पाहिलेली. हा माणूस इतकी वर्षं कुठे होता?

पायजमा वर गुंडाळून आरशात बघितलं आणि चेहरा उतरला.
"गुडघे दिसतायत."
"किल्ट आहे तो. दिसणारच."
"नाही. चार बोटं खाली पाहिजे."

रवि. ५ ऑक्टो.
अजमानला, बाजूच्या अमिरातीत, ह्यांच्या मोठ्या भाईंकडे जेवण. सुरमई, सोलकढी, आणि भाईंचं भाषण. "घागरा घालून वाजवणार काय रे? आणि गुडघा उघडा टाकून? सतर विसरलास?" अलिनाने विचारलं सतर म्हणजे काय, तर भाभीने सांगितलं, पुरुषाचं बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकलेलं पाहिजे.
हे शांतपणे म्हणाले, "भाई, झाकूनच घालणार आहे."
भाईंनी सोलकढीची वाटी ओढली. वाजवण्यावरही बोलायचं होतं त्यांना, ते राहून गेलं.
परतताना अलिना गाडीत: "सो यू आर डूइंग इट फॉर ताया अब्बा?"
"नाही."
"देन फॉर अल्ला?"
ह्यांनी एसी वाढवला.

शुक्र. १० ऑक्टो.
आज प्रॅक्टिसला मीही गेले. घरात वाजवायची सोय नाही. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा वॉचमन लिफ्टने वर आला होता, भाभीजी काय पडलं म्हणून. आता शहर संपतं तिथे वाळूत जातात. मी गाडीत बसून भाजी निवडते.

आज मात्र भाजी तशीच राहिली. हे चालत लांब गेले, पिशवी काखेत, तीन नळ्या खांद्यावर. फुंकलं, कोपराने दाबलं, आणि तो आवाज. एक सूर खाली धरलेला, हलतच नाही, वरचा त्याच्यावर चढतो, उतरतो. एवढ्या मोकळ्या जागेतही मावत नव्हता. लांब उंट चरत होते, सगळ्यांनी माना वर केल्या. माझ्या हातातली मेथी तशीच.

तीन वर्षांपूर्वी न्यूमोनियात ह्याच माणसाला बाथरूमपर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागायची. डॉक्टर म्हणाले होते फुगे फुगवा. फुग्यांचा कंटाळा आला तेव्हा ग्रॅहमसाहेबांनी शिकायची साधी नळी आणून दिली, "हे फुंक, निदान काहीतरी शिकशील." फॅक्टरीत ह्यांचे साहेब होते ते. आता रिटायर, बँड चालवतात. नळीवरून पिशवी, पिशवीवरून बँड. श्वास परत आला तो ह्या वाटेने. मी कुणाला सांगत नाही, पण वाळूत आवाज सुरू झाला की मी मनातल्या मनात अल्लाचा शुक्र मानते.

शनि. ११ ऑक्टो.
ग्रॅ.साहेब स्वतः घरी आले. सत्तरी कधीच पार, पाठ अजून ताठ. किल्ट घालूनच आले, खाली लॉबीत पोरं मागे लागली होती म्हणे. मी शिरखुर्मा दिला, दोनदा घेतला.

मग कामाचं. म्हणाले, लांबीला टेप लागत नाही. सोफ्याला धरून आमच्या गालिच्यावर हळूहळू गुडघ्यांवर बसले. किल्टची कड जमिनीला जेमतेम टेकली. "बघ. एवढंच. उभा राहिलास की गुडघ्याच्या मधोमध. ना वर, ना खाली." त्यांच्या वडिलांनी असंच बसवून मापलं होतं, वडिलांचं त्यांच्या वडिलांनी. हॉलच्या मधोमध एवढा मोठा माणूस गुडघे टेकून. मीही नकळत डोक्यावरची ओढणी सारखी केली.

हे म्हणाले, "सर, मला चार बोटं खाली हवा. बकल सैल केलं की कमरेवरून उतरतो, मी करून पाहिलंय."
"मग तो किल्ट घसरलेला दिसतो, बशीर."
"पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात सूर्य बुडताना मगरिबची वेळ होते. मला त्यातच नमाज पडायचीय."
"नमाजपुरता खाली कर. मग वर घे."
"नाही सर."
अलिना मधेच: खाली काळी लेगिंग घाला ना. ग्रॅ.साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती किचनमध्ये पळाली. मग तिथूनच, "बट हू मेड द रूल? त्यांचे पाय, त्यांची चॉइस."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं. म्हणाले, दहा जण ओळीत उभे राहतात, कडांची एक सरळ रेघ होते. लोक सूर विसरतात, ती रेघ विसरत नाहीत. "हे सोडलं तर मला कळणार नाही की माझ्या हातात काय उरलं." जाताना माझ्याशी वाकून बोलले. लिफ्टपर्यंत हे सोडायला गेले.

मंगळ. १४ ऑक्टो.
पिशवी कपाटावर. तीन दिवस हात नाही लावला. रात्री खोकला. हवेने असेल.

शुक्र. २४ ऑक्टो.
लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाटेल मीच बनवलं.

दुपारी वाळूकडे गेलो. हे उतरलेच नाहीत. स्टिअरिंग धरून बसले. मी म्हटलं, अहो, भाईंचं मनाला लावून घेऊ नका. अल्ला नियत बघतो. शिवाय मशिदीतल्या आलिमसाहेबांना विचारू, काहीतरी वाट सांगतील.

म्हणाले, "नसीम, नमाजचं खरं आहे. पण ते पूर्ण खरं नाही."

मग थांबून थांबून. हॉस्पिटलातला तो गाऊन. मागून उघडा, पुढून गुडघ्याच्या वर. दिवसभर माणसं येत-जात, पडदा सरकवत, पाय उघडे, आणि हात वर करून कापड ओढायचीही ताकद नाही. एकदा फॅक्टरीतली दोन मुलं बघायला आली. गुडघ्यांकडे बघून एकाने मान फिरवली. "तेव्हा ठरवलं, इथून उठलो तर परत कुणाला माझे गुडघे दिसणार नाहीत. नमाजचं सांगितलं की लोक समजतात. हे कसं सांगू?"

मी रोज त्या खाटेपाशी होते. रोज. ऑक्सिजनचा आकडा बघत होते. कापड ओढायचं मला सुचलं नाही, आणि ह्यांनीही कधी
पुढे लिहवत नाही.

मग उतरले आणि वाजवलं. ऊन उतरेपर्यंत. मी गाडीच्या बाहेर उभी होते, वाळू चपलेत गेली तरी हलले नाही. एका माणसात एवढं काय काय असतं, आणि एवढ्या वर्षांत आपण जेवण वाढत असतो फक्त.

रवि. २ नोव्हें.
ग्रॅ.साहेबांकडे हे एकटेच गेले होते. गाऊनचं सांगितलं का, विचारलं. "थोडं." ते काय म्हणाले? "खिडकीतून बघत बसले. मग चहा केला."

निर्णय असा: लांबीत बदल नाही. ओळीत उभं राहायचं तर गुडघ्याच्या मधोमध. पण शनिवारी १५ तारखेच्या त्या कार्यक्रमात बँडच्या वारलेल्या माणसांसाठी शेवटची धून असते. ती एकच जण वाजवतो, सगळ्यांपासून लांब, अंधारात उभा राहून. "तिथे ओळ नसते. तिथे तुझ्या मनासारखा घाल." आजपर्यंत ती धून साहेब स्वतः वाजवायचे.

मी विचारलं, हा मान दिला की बाजूला काढलं?
"दोन्ही असेल."
मग बूट काढता काढता, "पाच मिनिटं सलग आहे नसीम. मधे कुणी सांभाळून घेणारं नाही."
मला ते आधी सुचलंच नव्हतं. ओळीत एकाचा श्वास तुटला तर बाकीचे झाकतात.

शनि. १५ नोव्हें.
क्लबचं लॉन, खुर्च्या, बरेच गोरे लोक, आपलेही. बँड वाजला. कडांची रेघ खरंच दिसली मला. नऊ किल्ट, एक रेघ, चालताना एकदम हलणारी. साहेब म्हणाले त्यात खोटं काही नाही. बघून अंगावर काटा आला, आणि ह्यांची जागा रिकामी दिसली तेही.

मगरिबला हे भिंतीपलीकडे गेले. किल्टातच नमाज पडले. परत आले तेव्हा कड गुडघ्याखाली चार बोटं, साहेबांनी एकदा बघितलं आणि नजर वर घेतली. ह्यांच्या खांद्यावरची पट्टी मात्र स्वतःच्या हाताने सरळ केली.

मग दिवे घालवले. हे लॉनच्या पार टोकाला, झाडांच्या पुढे. दिसत नव्हते. माझा एक हात पर्समध्ये, मुठीत ह्यांचा श्वासाचा पंप. अलिनाने माझा दुसरा हात धरला.

सुरू झालं. पहिला खालचा सूर, मग वरचा. कुठून येतोय ते कळेना, जमिनीतून आल्यासारखा. हळू. फार हळू. एका ठिकाणी सूर जरासा बसला आणि मी उठलेच. अलिनाने खाली ओढलं. सूर उठला. उभा राहिला. पुढच्या खुर्चीतली म्हातारी बाई रडत होती. तिला माहीत नाही कोण वाजवतंय, त्याचे गुडघे कसे आहेत, तो कुठून उठून आलाय. मला माहीत होतं, आणि तरी मलाही वाटलं की मी ह्या माणसाला ओळखत नाही. अल्लाने एकाच छातीत हे सगळं कसं ठेवलं?

संपलं तेव्हा टाळ्या नाहीत. तशी पद्धत असते म्हणे. नुसती लांब शेख झायेद रोडची घरघर.

ग्रॅ.साहेब अंधारात चालत गेले. दोघं तिकडेच बराच वेळ.

रवि. १६ नोव्हें.
हे दुपारपर्यंत झोपले. मी ह्यांचा श्वास ऐकत बसले होते. मोकळा आहे.
अलिनाने रेकॉर्डिंग भाईंना पाठवलं. निळ्या खुणा आल्या. संध्याकाळी भाभीचा फोन: "तीनदा लावलं त्यांनी."

शनि. २२ नोव्हें.
ग्रॅ.साहेबांचा मेसेज. डिसेंबरमध्ये भर दिवसा परेड, रस्त्यावरून, ओळीत. "बशीर, पहिल्या रांगेत, डावीकडे तू मला हवा आहेस. गुडघ्याच्या मधोमध. प्लीज."

ह्यांनी मला वाचायला दिला. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, "साहेबांनी मला प्लीज कधी लिहिलं नव्हतं."

आत्ता बेडरूममध्ये किल्ट घालून आरशासमोर उभे आहेत. मी पलंगावर. दार लावलंय. बकल वरच्या भोकात घेतलं, कड गुडघ्याच्या मधोमध आली. पहिल्यांदाच असं बघतेय. साधे गुडघे आहेत, डाव्यावर पडल्याची जुनी खूण, ती मला माहीतही नव्हती.

अलिना बाहेरून: "अब्बा, कॅन आय सी?"
"थांब."

हे आरशात गुडघ्यांकडे बघतायत, एक हात बकलवर. कड वर राहणार की खाली येणार, अजून ठरलेलं नाही.