कंपनी गेली, मी राहिले

मी, खाली सही करणारी बाई, वय बावन्न, शिक्षण चौथीपर्यंत, राहणार सध्या ऑफिसातच, असं लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, म्हणून येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पण येताना घरच्या कुणाला तरी घेऊन या." ते ऐकलं आणि तिथून थेट कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडे आले.

टायपिंगवाला म्हणाला, "बाई, कुणाला काय द्यायचं तेवढं सांगा, बाकी मजकूर माझ्याकडे तयार असतो." मी म्हटलं, "कायद्याचे शब्द तुझे, बाकी मी बोलते तसं उतरव. मरणार मी आहे, तुझा मजकूर नाही." सदर मृत्युपत्र मी राजीखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय करत आहे. दडपण आणायला आसपास कुणी असावं लागतं, ते नाही.

कलम १. नवरा. तो फार पूर्वी दुसरीकडे संसार थाटून बसला. त्याला काही नाही. तो किंवा त्याच्यातर्फे कुणी आल्यास पाणी विचारावं आणि दार दाखवावं.

कलम २. शिलाई मशीन. हे भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला. पायाचं आहे, पट्टा नवीन घातलाय, मागच्या खणात सुया आहेत. तिच्या आईने त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवू नये. मशीन म्हणजे टेबल नाही, हे मी बोलून बोलून थकले.

कलम ३. बँकेत जे काही असेल त्यातून आधी दवाखान्याचं बिल भागवावं. उरेल ते भाचीच्या शिक्षणाला. लग्नाला नाही.

कलम ४. नोकरी. टायपिंगवाला म्हणतो नोकरी ही मिळकत नव्हे, ती मृत्युपत्रात येत नाही. न येऊ दे. पण ती सांगितल्याशिवाय घराचं कलम कुणाला समजणार नाही.

आमची कंपनी लढाईवर जगली. गोळ्या झाडायचं काम सैन्याचं, बाकी सगळं कंपनीचं. सैनिकांचं जेवण, धुणं, तंबू, पाणी, तेलाचे ट्रक. लढाई लांबली तसे ऑफिसावर मजले चढले. मी फरशी पुसत होते, मला सगळे मजले ठाऊक. मग एके दिवशी पेपरात आलं की कंपनीचं मुख्यालय समुद्रापलीकडे चाललं, तिथे कर लागत नाही. इथला वर्कशॉप बंद. लोक भडकले. आमच्या पोरांच्या जिवावर कमावलं आणि देण्याची वेळ आली तर पळाले, असं जो तो म्हणत होता. मीही म्हणत होते. साहेब लोक कुंड्यांसकट गेले.

पण कायद्याने इथे एक पत्ता आणि एक माणूस ठेवावा लागतो, नोटिसा घ्यायला. सगळ्यांत कमी पगाराचं माणूस कोण? मी. तळमजल्याची एक खोली, एक टेबल, "मिळाले" असा एक शिक्का आणि बाहेर भली मोठी पाटी. कंपनी म्हणून या देशात जे काय उरलं ते मी.

मोर्चा आला तो मोठा होता. पुढारी ओरडला, "कंपनीचं कोण आहे आत? बाहेर या!" मी हातातलं फडकं घेऊन बाहेर गेले. म्हटलं, "मी आहे. काय पाहिजे?" त्याची पंचाईत झाली. साहेबाला काळं फासायला डबा आणलेला, फोटोवाले येऊन उभे, आणि समोर फरशी पुसणारी बाई. मागून कुणीतरी म्हणालं, "पगार कंपनीचाच खाते ना? मग फासा!" आणि फासलं. कपाळापासून गळ्यापर्यंत.

हात पुढाऱ्याचा होता. डबा माझ्या धाकट्या भावाने धरला होता.

भाऊ कंपनीच्या वर्कशॉपात ट्रक रंगवायचा. डब्यातला रंग ट्रकचाच. उन्हापावसात निघू नये म्हणून बनवलेला, आणि हे त्या गर्दीत फक्त त्याला माहीत होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने डब्यात बघितलं. "ही माझी बहीण आहे." एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी नंतर एकटी बसून म्हणून बघितलं. काहीच वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली लिहिलेलं, "कंपनीच्या प्रतिनिधीला काळं फासलं." प्रतिनिधी! समुद्रापलीकडून साहेबांचं पत्र आलं, दर्शनी भिंतीवरचे डाग तातडीने काढावेत. माझ्या तोंडाबद्दल काही नव्हतं.

मी घरी गेले नव्हते, म्हणून भावजयीचा फोन आला. वाटलं, चौकशीला केला. म्हणाली, "वन्सं, तुमचा पगार चालू आहे, तुम्हाला काय कळणार आमचं?" मागे भाऊ खोकत होता, आवाज ओळखते मी. त्याने फोन घेतला नाही. तेव्हापासून मी ऑफिसच्या मागच्या खोलीतच राहते. आठ मजले रिकामे आहेत, पण मला एकच खोली पुरते. कधी कधी नुसतंच लिफ्टचं बटण दाबते. लिफ्ट वरून खाली येते, दार उघडतं, आत कुणी नसतं. मी म्हणते, "या." येडचापपणा आहे, पण घरी कुणाला सांगायचा तर घर नाही.

कलम ५. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. माझ्या नावावर, माझ्या कमाईचं. त्यात भाऊ, भावजय आणि भाची राहतात. सदर मिळकतीबद्दल आधी असं टाईप करून घेतलं होतं की ती मोर्चेवाल्या काकांना द्यावी आणि भावाने सामान घेऊन चालू पडावं. ते आता खोडलं आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

काका कोण ते सांगते. ते त्या मोर्च्यात होते. दुसऱ्या दिवशी एकटेच आले, हातात रॉकेलची बाटली. मला वाटलं, आता ऑफिस पेटवतो हा माणूस. दारात बंदोबस्ताला असलेल्या हवालदारांनीही काठी उचलली. काका म्हणाले, "अहो, पेटवायला नाही. तोंडाला लावा, रंग सुटेल." त्यांचा मुलगा कंपनीचा ट्रक चालवायचा. तिकडे लढाईत ट्रकसकट गेला. सैनिक नव्हता, म्हणून सलामी नाही आणि कुठल्या दगडावर नावही नाही. मोर्चे आटले, पुढारी दुसऱ्या विषयाकडे वळला, काका मात्र दर सोमवारी येतात. फलक माझ्याच टेबलामागे ठेवतात, ने-आण नको म्हणून. बाहेर उभे राहून एकटेच ओरडतात, "कंपनी परत आणा, जाब द्या!" मग आत येऊन निवेदन देतात. मी शिक्का मारते. मग हवालदार, काका आणि मी चहा घेतो. बंदोबस्ताला आधी पोलिसांची गाडी भरून यायची, आता हे एकटे हवालदार. त्यांना मी म्हटलं, "तुम्हाला पण विसरले काय वरचे?" म्हणाले, "विसरू देत. चहा बरा मिळतो."

तर साक्षीदार म्हणून मला हीच दोन माणसं. टायपिंगवाला म्हणाला, "साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही. सही करायची किंवा घ्यायचं, एकच काहीतरी." काकांना घर, हवालदारांना किटली आणि माझी गादीची खुर्ची असं ठरलं होतं. म्हणजे जगात दोनच माणसं, आणि कायदा म्हणतो त्यांनाच देऊ नकोस. मी टायपिंगवाल्यावर फार ओरडले. त्याचा दोष नव्हता.

सहीसाठी ऑफिसात मुद्दाम बोलावलेले काका म्हणाले, "मी सही करतो. घर घेऊन काय करू? माझंच मला मोठं झालंय. भावाला द्या."

"त्या डबेवाल्याला?"

"दर सोमवारी चहासोबत त्याला शिव्या घालता. मला तर शिवी घालायला पण घरचं कुणी उरलं नाही, बाई."

मी किटली आणि खुर्ची तिथल्या तिथे हवालदारांच्या हातात दिली. मेल्यावर देता येत नाही ते जिवंतपणी देता येतं, त्याला कुठला कायदा आडवा येत नाही.

कलम ६, शेवटचं. सदर घर माझ्या पश्चात माझ्या भावाला द्यावं. काही अट नाही. पुढचा ओटा खचलाय, तो पावसाळ्याआधी बांधून घ्यावा, ही अट नव्हे, अक्कल आहे.

मात्र घर दिलं म्हणजे माफ केलं, असा अर्थ कुणी काढू नये. माफी या कागदात लिहिलेली नाही. मागच्या जिवंत माणसांनी कपाट उघडून ती शोधत बसू नये. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात हे मला कळतं, म्हणून याची एक नक्कल आजच भावाकडे पाठवत आहे. हवालदार नेऊन देतील. पोलीस दारात आल्यावर तरी तो बाहेर येईल.

बुधवारी संध्याकाळी मी दवाखान्यात भरती होणार. तोवर मी इथेच आहे. ऑफिस दहा ते सहा उघडं असतं. हवालदार अडवणार नाहीत, मी सांगून ठेवलं आहे की माझा भाऊ आहे.

हे मी वाचून घेतलं, बरोबर आहे, म्हणून दोघांच्या समोर सही केली. दोघांनी माझ्या समोर केली.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: (सही) मोर्चेवाले काका
साक्षीदार: (सही) बंदोबस्ताचे हवालदार

ठिकाण: जुनं मुख्यालय, तळमजला, जिन्याशेजारची खोली
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार, सकाळ