कमळपक्ष्यांचा गुप्त पत्ता

११ जून २००६, रविवार
अखेर माझी गरज पडली! बदलापूर-वांगणी पट्ट्याचा विकास आराखडा ठरतोय. आराखड्याच्या ऑफिसातल्या मालिनी मॅडमनी कळवलंय, पक्ष्यांच्या नोंदी असतील तर महिनाअखेरपर्यंत द्या. घरटी असतील तिथे बांधकाम होऊ देणार नाही. आमच्या सोसायटीमागच्या तळ्यावर बिल्डरचा डोळा आहे. तिथे कमळपक्षी अंडी घालतात आणि माझ्याकडे कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत. तळं वाचलंच म्हणायचं. आज थकलोय. उद्यापासून.

१३ जून
एक किरकोळ काम आहे. घरट्याचा पत्ता फोडायचा नाही, हा आम्हा पक्षीवाल्यांचा नियम. कॅमेरेवाले येऊन घरटी उधळतात. म्हणून मी प्रत्येक नोंदीत ठिकाण 'वांगणीची बंद दगडखाण' असं टाकत आलो. तिथे मी कधी गेलेलो नाही. ठिकाण बदललं की झालं. रविवारी नक्की.

१८ जून, रविवार
आठवडाभर एमआयडीसीत सेकंड शिफ्ट. अंग मोडून आलंय. जेवून जरा आडवा झालो तो संध्याकाळीच उठलो. सुहासिनी म्हणाली, नमनालाच घडाभर तेल चाललंय तुमचं. बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

२५ जून, रविवार
आमच्या पक्षीवाल्या ग्रुपच्या शशिकांतला फोन केला. तो म्हणाला, मधू, आधी पत्ता सुधार, नाहीतर लोच्या होईल. म्हटलं, सुधारला तर ग्रुपला कळेल मी इतकी वर्षं थापा मारल्या. इज्जतीचा प्रश्न आहे. त्यावर तो काहीतरी बोलला, पण रेंज नव्हती. (होती.)

३० जून
नोंदी दिल्या. तशाच. खरा पत्ता मॅडमना समक्ष सांगणार होतो, पण त्या मीटिंगमध्ये. बाकावर बसून पाठ धरली. शिपाई म्हणाला, टेबलावर ठेवून जा. ठेवल्या. जाणकार माणसाला कळतंच, दगडखाणीत कमळं उगवत नाहीत. फोन येईल त्यांचा. निर्धास्त.

१४ फेब्रुवारी २००७
आला फोन. अभिनंदनाचा. माझ्या नोंदींवरून वांगणीची दगडखाण संरक्षित झाली. आराखड्यात माझं नावही छापलंय. तळ्याच्या जागी निवासी बांधकाम. मॅडम हळहळल्या, तळ्याबद्दल कुणाची एकही नोंद आली नाही हो. मी थँक्यू म्हणालो.
सुहासिनी ऐकत होती. संध्याकाळी जेवायला नेहमीपेक्षा लवकर वाढलं आणि स्वतः आत गेली.
हरकत घ्यायला मुदत आहे म्हणे. पण हरकत घ्यायची म्हणजे सगळं सांगणं आलं. सर्दी गेली की जातो.

२० मार्च
सर्दी गेली. मुदतही.

५ ऑगस्ट, रविवार
डंपर पहाटेपासून चालू. तळं निम्म्याहून जास्त बुजलं. उरलेल्या डबक्यावर एक नर कमळपक्षी, मागे पिल्लं. यांच्यात पिल्लं बापच सांभाळतो. डंपर जवळ आला की सगळ्यांना घेऊन तो पलीकडच्या पानांवर जायचा. पलीकडे आता फार पानं नाहीत. बघवेना. मी हे केलं, दुसऱ्या कुणी नाही.
आत येऊन नोंद लिहिली. कमळपक्षी, नर, पिल्लांसह. ठिकाण : सोसायटीमागचं तळं, बदलापूर.
सुहासिनीने चहा ठेवता ठेवता वाचलं. आता हे कुणाला देणार, म्हणाली.