तीनशे चाळीस मीटरांवरचा बिंगो

दिनांक : शुक्रवार, १४ मार्च २०२५

प्रति,
मा. विभागप्रमुख,
परवाना विभाग, मोंतेगार्सा नगरपालिका,
कोस्टा रिका.

विषय : रविवार, दि. २३ मार्चच्या जत्रा व बिंगोच्या परवान्यातील जागा दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आमचा दि. ३ फेब्रुवारीचा अर्ज. २) आपले दि. २० फेब्रुवारीचे नकारपत्र. ३) आपला दि. ११ मार्चचा परवाना, अटी १ ते ६.

महोदय,

मी 'हिरवा डोह मित्रमंडळ' या स्वयंसेवी संस्थेची सचिव आहे. जीवशास्त्राची पदवी घेऊन मागच्या वर्षी गावी परतले. संदर्भातील अर्ज मी स्वतः लिहिला होता, त्यामुळे पुढे जे घडले त्याची सुरुवात माझ्याकडून झाली हे आधीच मान्य करते.

हिरव्या डोहाकडे जाणाऱ्या पायवाटेवरचा लाकडी साकव कुजला आहे. ३० एप्रिलपर्यंत नवा साकव झाला नाही तर पायवाट कायमची बंद करू, असे वनसंवर्धन कार्यालयाने लेखी कळवले आहे. नदीवर पोहण्याजोगे आणखी तीन डोह आहेत, पण तिन्हींना फाटक आहे आणि फाटकावर तिकीट. हिरव्या डोहाला फाटक नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी तिथे आलेली माणसे मोजली, दोनशे चौदा भरली. गावातले जवळजवळ प्रत्येक मूल तिथेच पोहायला शिकते, मीही तिथेच शिकले. साकवाचा खर्च उभा करायला मंडळाने समाजमंदिराच्या पटांगणात जत्रा ठरवली : केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तामाल, कोंबडीभात आणि बिंगो. पहिले बक्षीस डुक्कर.

अर्जात जागेचे वर्णन विचारले होते. आपल्याकडे रस्त्यांना नावे नाहीत. १९९१च्या वादळात मोठा उंबर पडला, तरी सगळे पत्ते अजून त्याच्यापासूनच सांगतात. समाजमंदिर 'जिथे उंबर होता तिथून दोनशे मीटर पूर्वेला' असे सारा गाव म्हणतो. मला हे ढोबळ वाटले. मी उंबराच्या खोडक्यापासून टेप लावून अंतर दोनदा मोजले आणि अर्जात '३४० मीटर' असे लिहिले.

आपले निरीक्षक श्री. एलादिओ सान्देरास १८ फेब्रुवारीला पाहणीसाठी आले. ते याच तालुक्यातले असल्याने त्यांनी टेप लावला नाही. त्यांनी रस्त्याचे कोपरे मोजले. शंभर मीटर म्हणजे एक कोपरा, या हिशेबाने ते तीन कोपरे आणि वर थोडे चालले. आमच्या गावात एका कोपऱ्यापासून दुसरा सरासरी १७० मीटरवर आहे. ३.४ गुणिले १७० म्हणजे ५७८. पाचशे अठ्ठ्याहत्तराव्या मीटरवर श्रीमती हेर्मेलिंदा ओब्रेगोन यांचे कुरण आहे (हेही मी नंतर मोजून पाहिले). निरीक्षकांनी अहवालात लिहिले : 'छप्पर नाही, शौचालय नाही, एक बैल आहे.' परवाना नाकारला गेला.

मंडळाचे अध्यक्ष श्री. ओल्देमार पिसारो यांनी भर सभेत मला विचारले, "पोरी, शंभर मीटर म्हणजे एक कोपरा, एवढंही शिकवलं नाही का तुला विद्यापीठात?" सगळे हसले. मीही हसले, पण मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी निरीक्षकांना फोन करून फेरपाहणी मागितली आणि अक्षांश-रेखांश सांगितले. ते म्हणाले, "ताई, माझ्या मोटरसायकलला आकडे कळत नाहीत. उंबरापासून किती ते सांग." तिथे मी 'दोनशे' म्हणायला हवे होते. मी 'तीनशे चाळीस' म्हणाले, कारण ते खरे होते.

६ मार्चला ते पुन्हा कुरणातच गेले. त्या दिवशी श्रीमती हेर्मेलिंदा घरी होत्या. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देते : "मला वाटलं, पालिकेचा माणूस कानेलोची लस बघायला आलाय. म्हटलं, या दादा, कॉफी घ्या. त्यानं संडास कुठाय विचारलं, मी दाखवला. छप्पर विचारलं, गोठा दाखवला. आल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि आता सगळं गाव माझ्यावरच डोळे वटारतंय!" कानेलो हे बैलाचे नाव आहे.

अशा रीतीने ११ मार्चला आम्हाला परवाना मिळाला, तो कुरणासाठी. अट क्र. ४ नुसार बैल बांधून ठेवायचा आहे आणि अट क्र. ५ नुसार त्याच्या लसीकरणाचा दाखला जोडायचा आहे. मी त्याच दिवशी आपल्या खिडकीवर गेले. तेथील कर्मचारी म्हणाल्या, "अगं, परवाना मिळालाय की तुम्हाला! लोक वर्षभर चकरा मारतात. आणि एका मंडळाला एका दिवशी दोन परवाने मिळत नाहीत." समाजमंदिरात विनापरवाना जत्रा भरवली तर नगरपालिकेचे पोलीस ती बंद करतील, हेही त्यांनी सांगितले.

मग कुरणातच जत्रा का भरवू नये, असे आपण विचाराल. आम्हीही तो विचार केला. बुधवारी मी कुरणाचा उतार मोजला, तो अकरा अंश आहे. आपल्याकडे बिंगोच्या कार्डांवर मक्याचे दाणे ठेवून आकडे झाकतात. मी तिथे एक टेबल मांडले, सहा कार्डे ठेवली आणि दाणे ठेवून पाहिले. पहिल्या वाऱ्याला निम्मे दाणे खाली घरंगळले आणि उरलेले श्रीमती हेर्मेलिंदा यांच्या कोंबड्यांनी टेबलावर चढून खाल्ले. डुकराच्या बक्षिसावर अशा परिस्थितीत वाद झाला तर तो मिटवणे कोणाच्याही आवाक्यात नाही. कुरणात वीज नाही. कानेलोला ध्वनिक्षेपक आवडत नाही, हे गेल्या सणाला सर्वांनी पाहिले आहे.

जत्रा पुढे ढकलता येत नाही. १३ एप्रिलपासून पवित्र सप्ताह आहे. सुतार श्री. विल्बेर्त यांना लाकूड कापून साकव जोडायला चार आठवडे लागतात आणि मे महिन्यात नदी चढली की पात्रात उभे राहता येत नाही. काल ते मला म्हणाले, "तू मोजत बस बाई, मी करवतीला धार लावून ठेवलीये." तेव्हापासून मी उंबराच्या खोडक्यापासून समाजमंदिरापर्यंत चार वेळा चालून आले. अंतर बदललेले नाही. आज बरोबर नऊ दिवस उरले आहेत. तामालांचा मका निवडून झाला आहे आणि डुक्कर अध्यक्षांच्या अंगणात आहे.

तरी विनंती, की

१) नव्या परवान्याऐवजी आहे त्याच परवान्यातील जागेचे वर्णन दुरुस्त करावे, म्हणजे एका दिवशी दोन परवान्यांचा प्रश्न येणार नाही.

२) तिसरी पाहणी करायची असल्यास निरीक्षकांना पुढीलप्रमाणे पाठवावे : 'जिथे उंबर होता तिथून दोनशे मीटर पूर्वेला, निळ्या दाराचे समाजमंदिर.' मी दारात उभी राहीन. कॉफी श्रीमती हेर्मेलिंदा तिथेच आणून देणार आहेत.

टेपने हे अंतर ३४० मीटरच भरते. तरीही परवान्यात कृपया दोनशेच लिहावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,

नोइली अल्पिसार
सचिव, हिरवा डोह मित्रमंडळ
राहणार : जिथे उंबर होता तिथून शंभर मीटर दक्षिणेला. (हे अंतर मोजलेले नाही.)

सोबत :
१) परवान्याची प्रत
२) ग्रामस्थांच्या १६३ सह्या
३) साकवाची दोन छायाचित्रे
४) कानेलोचा लसीकरणाचा दाखला (अट क्र. ५ अद्याप लागू असल्याने)